भाताच्या वाफेइतकी अंधेरी

दादरला गाडी बदलून मी अंधेरीला शंभर वेळा गेलो असेन. पण घाटकोपरहून सरळ, मधला डोंगर ओलांडून, नव्याने सुधारलेल्या पादचारी व सायकलमार्गाने अंधेरी गाठणारा माझ्या माहितीत मी एकटाच. म्हणजे माझ्याबरोबर गजा परब होता, एक फणस होता आणि पितळेच्या डब्यात उकड्या तांदळाचा भात होता. लोक विलायतेला जाऊन येतात आणि आगबोटीवर बटाटे कसे मिळाले ते सांगतात. त्यांनी एकदा असल्फ्याचा चढ चढून बघावा. बटाट्याचं नाव काढणार नाहीत.

या मोहिमेचं मूळ एका लग्नात आहे. गजा माझ्याच चाळीतला, विक्रोळीच्या कारखान्यात टर्नर. लोखंडाला हात लावला की लोखंड लोण्यासारखं वळतं, पण मुलींसमोर स्वतःच लोखंड होतो. मालाडला एका लग्नात पंगतीत जिलबी वाढणारी मुलगी त्याने पाहिली. ती समोरून गेली की हा "वाढा" म्हणायचा. शेवटी ती म्हणाली, "तुम्ही खाता की खिशात भरता?" त्या क्षणी गजाचं ठरलं. ती कुसुम, अंधेरीच्या तात्या सावंतांची मुलगी.

तात्या सावंत म्हणजे फोर्टातल्या कचेरीतून निवृत्त झालेले हेडक्लार्क आणि घाटकोपर-अंधेरी पादचारी व सायकलमार्ग सुधारणा मंडळाचे अध्यक्ष. या मार्गाचं उद्घाटन त्यांनी मार्ग होण्याच्या आधीच उरकून घेतलं होतं. कमान उभारली, फीत कापली, नारळ फोडला आणि भाषणात सांगितलं, "आजपासून घाटकोपर ही अंधेरीची पडवी झाली." टाळ्या मी स्वतः वाजवल्या होत्या. पेढे होते.

त्यामुळे गजासाठी मागणी घालायला मीच गेलो, तेव्हा मला वाटलं, काम झालंच. तात्यांनी पानाला चुना लावला आणि म्हणाले, "मुलगा चांगला आहे. पण घाटकोपर फार लांब."

"तात्या, तुम्हीच पडवी म्हणालात ना?"

"भाषणातलं अंतर वेगळं, लेकीचं अंतर वेगळं."

मग त्यांनी घराण्याचा नियम सांगितला. सावंतांच्या घरात मुलगी भाताच्या वाफेइतक्या अंतरावर देतात. सासरच्या चुलीवरचा भात माहेरच्या पानात पडला की त्यावर वाफ दिसली पाहिजे. गावी हे सोपं होतं. त्यांच्या आत्या, बहिणी, सगळ्या वहाळाच्या पलीकडे दिलेल्या. शिंक आली तरी माहेरी ऐकू जायची. "येत्या रविवारी घाटकोपरच्या चुलीवरून भात उतरवा आणि आमच्या पानात आणून वाढा," तात्या म्हणाले. "वाफ दिसली तर मुलगी तुमची. फक्त यायचं आमच्या मार्गाने. दादरवरून नाही."

तो मार्ग त्यांनीच सुधारलेला असल्यामुळे त्याच्याविषयी त्यांना पुरेपूर खात्री होती.

दाराआडून कुसुमचा आवाज आला, "तात्या, तांदूळ कुठला ते सांगितलं नाहीत. उकडा चालेल ना?"

"कुठलाही चालेल."

"नाही, उकडा वाफ धरून ठेवतो म्हणतात. म्हणून विचारलं."

मी गजाला घरी येऊन एवढंच सांगितलं, "मुलीचा होकार आहे. आता बापाचा भाताकडून घ्यायचा."

घाटकोपर

मे महिन्यातला रविवार. गजाच्या आयेने पहाटेच चूल पेटवली होती. भात रटरटत असतानाच डब्यात भरला, झाकणाला कणीक लावली, वर फडकं, त्यावर जुनी गोधडी, त्यावर गजाच्या वडिलांचा लोकरीचा मफलर. इतके कपडे त्या डब्याला घातले होते की तो हिमालयात निघाल्यासारखा दिसत होता. शिवाय व्याह्यांकडे रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून गावाहून आलेला एक फणस. त्या फणसाचं वजन मी सांगत नाही. विश्वास बसणार नाही. एवढंच सांगतो, तो माझ्या कॅरिअरवर बांधल्यावर माझ्या सायकलचं पुढचं चाक जमिनीवरून उचललं गेलं आणि मी हँडलवर बसून ते खाली आणलं.

"बाबल्या, डबो उघडून बघू नको हां," आये गजाला म्हणाली. "वाफ जाता."

"नाय गो आये."

"आणि सांडलंस तर घराक येव नको."

गजाची सायकल स्वतःची, माझी ताशी भाड्याची. दुकानदाराने देताना सांगितलं, "ब्रेक नाही, पण घंटी झकास आहे." मी म्हटलं, सुधारलेला मार्ग आहे, ब्रेकची काय गरज? एका अर्थी खरं ठरलं. त्या मार्गावर थांबण्यासाठी ब्रेक लागतच नाही.

घाटकोपरच्या टोकाला मंडळाने जी सुधारणा केली आहे ती पाहण्यासारखी आहे. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना चुन्याने रंगवलेले दगड मांडले आहेत आणि पाटी आहे: हा मार्ग केवळ पादचारी व सायकलस्वार यांच्यासाठी. आम्ही पाटीपाशी पोचलो तेव्हा मार्गावर केवळ म्हशी होत्या. तबेल्यातून निघालेल्या, एकीमागे एक, पांढऱ्या दगडांच्या मधून, शाळेच्या मुलींसारख्या शिस्तीत. मी घंटी वाजवली. पुढच्या म्हशीने मागे वळून पाटीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. चूक माझी असल्यासारखं.

मागून गवळी आला. म्हणाला, "बहुत बढिया रस्ता बना दिया साहब लोगों ने. पहले भैंस इधर-उधर भागती थी. अब पत्थर देखके सीधी चलती है."

"यह सायकल के लिए है, भैया."

"हाँ, तो सायकल भी आने दो ना. भैंस को कोई तकलीफ नहीं."

तेव्हा आम्ही म्हशींच्या मागून, त्यांच्या वेगाने, त्यांनी मागे ठेवलेलं सगळं चुकवत निघालो. गजाने एका हाताने डबा छातीशी धरला होता. चेहऱ्यावर भाव असा की बाळंतिणीला घेऊन निघालाय.

असल्फ्याचा चढ

म्हशी वळल्या आणि चढ लागला. इथे मंडळाने खडी टाकली आहे. रूळ फिरवायचा राहिला. दगडांच्या खाणीतला एक मुकादम बिडी ओढत बसला होता, त्याला मी विचारलं, "रूळ कधी येणार?"

"आला की."

"कुठे आहे?"

"साकीनाक्याला. येतोय."

"केव्हापासून येतोय?"

मुकादमाने बिडी विझवली, आठवून पाहिलं आणि म्हणाला, "तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं." त्याच्या मांडीवर पोर झोपलं होतं.

त्या मोकळ्या खडीवर सायकल चालवणं म्हणजे चण्याच्या पोत्यावर नाचणं. एक पाऊल वर, दीड पाऊल खाली. एका जागी तर मला खात्री आहे, आम्ही इतके खाली घसरलो की आमची चाळ पुन्हा दिसायला लागली. फणस मागून पाठीला काटे टोचवत होता आणि "चल, चल" म्हणत होता. डोक्यावरून सांताक्रूझचं विमान गेलं. आतले लोक बहुधा लंडनला निघाले असतील. आम्ही माथ्यावर पोचलो तेव्हा त्यांनी तिथे चहा मागवला असणार, यात मला शंका नाही.

माथ्यावर करवंदाच्या जाळ्या होत्या. आम्ही मूठभर खाल्ली. गजाने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "वसंता, जरा बघू काय रे?"

"काय?"

"भात."

"आयेने काय सांगितलं?"

"उघडत नाय. नुसतं एका बाजूने झाकण उचलतो."

त्याने गोधडी सोडली, कणीक फोडली, झाकण उचललं. अशी झकास वाफ आली की गजाचा चष्मा धुक्याने भरला. तो आनंदाने हसला आणि डबा परत बांधला. कणीक मात्र परत लागेना. मी म्हटलं, जाऊ दे, उतारच तर राहिला.

साकीनाका

उताराला ब्रेक लागतो हे मला तेव्हा आठवलं. मी आणि फणस एकत्र सुटलो. वाऱ्याने माझी टोपी गेली, ती गजाने मागून हवेत झेलली. झाडं, दगड, एक बकरी, सगळं मागे पळालं. बकरीला मी ओलांडलं की तिने मला, ते आजवर ठरलेलं नाही. शेवटी एक अवाढव्य लोखंडी वस्तू आडवी आली आणि मी तिला मिठी मारून थांबलो.

तो रूळ होता.

चिंचेखाली उभा. त्याच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत होती आणि धुराड्यातून पिंपळाचं रोप वर आलं होतं. रुळावर पाटी होती: काम चालू आहे. त्या पाटीतला शब्दन् शब्द खरा होता. कोंबडीचं काम चालूच होतं.

याच जागी उद्घाटनाची कमान होती. समारंभ संपल्यावर बांबू लोक घरी घेऊन गेले, पताका पोरांनी नेल्या, आणि मार्गाच्या सुधारणेसाठी खिळे तेवढे मागे राहिले. त्यातला एक गजाच्या मागच्या चाकात गेला. फुस्स असा आवाज आला आणि गजाचा चेहरा ट्यूबच्या आधी उतरला.

"वाट लागली," तो म्हणाला. पंक्चरच्या पेटीतलं सोल्युशन वाळून खडा झालं होतं. तो रस्त्याच्या कडेला बसला, डबा मांडीवर. "वसंता, सांग तू जाऊन तात्यांना. नको म्हणावं. तिला बघायला आता अंधेरीचा कोणी चांगला मुलगा येईल, भात शेजारून आणील."

गजाला मी असा कधी पाहिला नव्हता. मग माझं लक्ष फणसाकडे गेलं. रुळावर आपटून त्याला तडा गेला होता आणि चीक ओघळत होता.

"गजा, गावी फुटलेलं मडकं कशाने सांधतात?"

त्याने वर पाहिलं. "फणसाच्या चिकान."

"मग?"

कोकणातल्या माणसाला चाक दुरुस्त करता येत नसेल, पण फणसाच्या चिकाने तो जगातलं काहीही चिकटवेल. गजाने चिंध्या काढल्या, चीक माखला, ट्यूब सांधली, हवा भरली. ती थेंबभर गळेना. गळणार कशी? चाक, टायर, गजाची बोटं आणि कोंबडीची तीन पिसं यांचा एक अखंड अवयव झाला होता. पुढच्या वाटेवर ते चाक जे दिसेल ते उचलत गेलं. पाला, बिडीचं थोटूक, काथ्याचा तुकडा, चिंचेचा आकडा, कुठल्याशा सभेचं जाहीर पत्रक. मरोळला पोचेपर्यंत ते पोळ्याच्या बैलासारखं सजलं होतं.

निघण्याआधी गजाने पुन्हा झाकण उचललं. या वेळी चष्मा धुरकटला नाही. नुसता कोपऱ्याशी थोडा ओलावा आला.

"वाफ आसा अजून," तो म्हणाला. पण आवाजात दम नव्हता.

मरोळ

इथे शेतं, ताडाची झाडं आणि वाटेवर पांढरा क्रूस. क्रूसाशेजारी मंडळाचं फाटक. फाटक म्हणजे वळणावळणाने रोवलेले लाकडी खांब, ज्यातून माणूस आडवा होऊन जाईल पण गुरं जाणार नाहीत. सायकल जाईल की नाही, हा विचार सायकलमार्ग सुधारणा मंडळात कोणी काढलाच नाही. सायकलवरून येणारा सभासदच नव्हता.

ताडगोळे विकणारी एक म्हातारी शेजारी बसली होती. तिला विचारलं, "मावशी, यातून सायकल कशी नेतात?"

"नेत नाहीत."

"आणि गुरं?"

"गुरं जातात ना. काल माझी गाय गेली. बकऱ्या तर रोज जातात. अडकतो तो फक्त मंडळाचा माणूस. मागच्या खेपेला एक कोटवाला आला होता, मापं घ्यायला. त्याचं पोट खांबात राहिलं. दोघांनी ओढून काढला. जाताना मला म्हणतो, फाटक उत्तम आहे."

फणस उतरवून आम्ही सायकली डोक्यावर घेतल्या. दोन्ही पलीकडे गेल्या. फणस मात्र खांबात असा रुतला की मंडळाला पुढच्या खेपेला मापं घेता येऊ नयेत. मावशीने कोयता आणला आणि तिथेच त्याचे दोन भाग केले. अर्धा फणस फाटकाचा कर म्हणून तिला दिला. तिने आम्हाला ताडगोळे दिले, गार, गोड. उन्हात ते असे लागले की मी क्षणभर भात विसरलो.

गजा विसरला नव्हता. त्याने शेताच्या बांधावर उभं राहून डबा पूर्ण उघडला. मी पण वाकून पाहिलं. दोघांनी नाकं आत घातली, हात घातले. भात नुसता भात होता.

"बंद कर," मी म्हटलं, "आणि आता काही बोलू नकोस. अंधेरीला बोलेन ते मीच."

अंधेरी

तात्यांच्या ओटीवर चपलांची रास पाहून मी समजलो की आत काही वेगळं चाललंय. मंडळाचे चिटणीस पेंडसे दारातच भेटले, आनंदाने घामाघूम. या गृहस्थांना भाताची गोष्ट कळली होती आणि मंडळाच्या जाहिरातीला याहून चांगली संधी नाही, असं वाटून त्यांनी वॉर्डाच्या मेंबरसाहेबांनाच जेवायला बोलावलं होतं. पुढच्या मंजुरीची सही त्यांच्या हातात. तात्यांना विचारायचं मात्र पेंडसे विसरले होते.

केळीची पानं मांडलेली. बांगड्याचं तिखलं, सोलकढी, तळलेली सुरमई, सगळं तयार; भाताची जागा रिकामी. मध्यभागी मेंबरसाहेब, शेजारी तात्या, भोवती मंडळाचे सभासद. तात्यांच्या तोंडाकडे पाहवत नव्हतं. बाप म्हणून त्यांना भात गार हवा होता आणि अध्यक्ष म्हणून गरम.

आम्ही आत आलो, उरलेला अर्धा फणस माझ्या काखेत. गजाच्या धोतराला म्हशीचं शेण, खडीची धूळ, फणसाचा चीक आणि दोन पिसं. मेंबरसाहेब म्हणाले, "हे कुठून आले?"

पेंडसे म्हणाले, "आपल्या मार्गाने, साहेब. घाटकोपरहून. गरम भात घेऊन."

कुसुम डबा घ्यायला पुढे आली. गजाने तो असा दिला की जणू शेवटचं देतोय. तिने मफलर सोडला, गोधडी काढली, फडकं काढलं, झाकण उघडलं. आत बोट लावलं आणि गजाकडे पाहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा साध्या आवाजात म्हणाली, "तात्या, भात गार आहे. चुलीवर ठेवून आणू?"

पेंडसे सरकून तात्यांच्या मागे उभे राहिले.

तात्या म्हणाले, "बघा. मी सांगितलं होतं, ला..." आणि मेंबरसाहेबांकडे नजर जाताच त्यांनी तो 'लांब' गिळला.

मी पुढे झालो. "तात्या, तुमचं बरोबर आहे. भात गार असेल तर मुलगी नाही. आमची काही तक्रार नाही. भात आयेने रटरटता भरला होता, गजाने जिवापाड जपला. तेव्हा भात गार झाला तो रस्त्यामुळे, एवढं फक्त तुम्ही साहेबांसमोर सांगा. आम्ही उठतो. आणि भात गरम असेल, तर रस्ता उत्तम आहे. मग मुलगी आमची. जे असेल ते तुम्हीच सांगा. अध्यक्ष तुम्ही, पानही तुमचंच."

पेंडशांनी तात्यांच्या धोतराला मागून चिमटा काढलेला मी पाहिला.

तात्यांनी डबा ओढून घेतला. मूठभर भात पानावर वाढला. त्यावर वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. सावंतांच्या सात पिढ्या त्या भाताकडे वाकून बघत असल्यासारखं वाटलं. मग त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "वाफ आहे."

"आहे ना?" पेंडसे म्हणाले. "मला इथूनच दिसतेय."

"बारीक आहे," तात्या म्हणाले. "उकडा तांदूळ आहे ना, वाफ आत धरतो."

मग सगळ्यांना वाढला. आणि मंडळाचे सर्व सभासद त्या गार भातावर फुंकर घालू लागले. एक फुंकतो म्हणून दुसरा, दुसरा फुंकतो म्हणून तिसरा. पेंडशांनी तर घास तोंडात घालून "हाऽ हाऽ" करत तोंडासमोर हात हलवला. मेंबरसाहेब आधी गोंधळले, मग त्यांनीही फुंकर घातली. ज्या भातावर एवढे लोक फुंकताहेत तो गार कसा असेल? कुसुम पाणी वाढत होती. तात्यांच्या भांड्यात ओतताना म्हणाली, "जपून हो तात्या. भाजेल."

तात्यांनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ओरडतील. ते फक्त म्हणाले, "जावयाला वाढ आधी. दमलाय तो."

परत आम्ही सायकली गार्डच्या डब्यात टाकून दादरवरून आलो. चिकाने ते चाक फलाटाला चिकटलं, ते सोडवायला दोन हमाल लागले.

लग्न आषाढाच्या आत झालं. रस्त्याचं काय झालं म्हणाल, तर मंडळाच्या अहवालात छापून आलं की या मार्गाने घाटकोपरचा भात अंधेरीला गरम पोचतो. त्यामुळे सुधारणा पूर्ण झाली असं ठरलं आणि पुढचं काम बंद झालं. कोंबडीला मात्र कोणी हलवलं नाही.

तात्या महिन्यातून एकदा लेकीला भेटायला येतात. सुधारलेल्या मार्गाचा अध्यक्ष दादरवरून कसा येणार? म्हणून ते दादरवरून येऊन घाटकोपर स्टेशनावर उतरतात, चाळीला वळसा घालून म्हशींच्या पाटीपर्यंत चालत जातात, इकडेतिकडे बघून मूठभर धूळ धोतराला लावतात आणि तिथून उलटे चाळीत येतात. मी गॅलरीतून दर खेपेला पाहतो. कुसुमही पाहते. पाट मांडते, पान मांडते, चुलीवरून भात उतरवून वाढते. त्यावर पांढरीशुभ्र वाफ उठते, सरळ, बोटभर उंच.

तात्या घास घ्यायला हात पुढे करतात, तेव्हा ती म्हणते, "थांबा, निवू दे थोडा. तुम्हाला गरम भाताची सवय नाही."